रिफ्यात राहिलेलं नाक

त्यांना वास येत नसे. कसलाच येत नसे. दूध करपलं, मासा नासला, खालच्या मजल्यावर उदाचा धूर केला, तरी ते तसेच बसून राहायचे. कुणी विचारलं, "मिस्त्री, तुमच्या नाकाला झालंय काय?" तर म्हणायचे, "नाक रिफ्यात राह्यलंय. आणायला जायचं तर मन होत नाय." लोक हसायचे. ते हसत नसत.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. बहरीनमध्ये सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. राजापूरकडच्या खाडीकाठचे मुसलमान होते, पन्नाशी उलटलेली, उंच, किडकिडीत, पाठीत थोडे वाकलेले. वाकले होते ते कूलरवर ओणवं होऊन होऊन. बहरीनमध्ये कूलर दुरुस्त करणं हेच त्यांचं काम.

लग्न होऊन वर्षाच्या आत मी तिकडे गेले. आमचे हे तिथल्या रिफा गावातल्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. मनामा शहरात जुन्या बाजाराच्या मागे एका अरब कुटुंबाच्या घरावर गच्ची होती आणि गच्चीवर तीन खोल्या. एक आमची, एक स्वयंपाकाची आणि तिसरी पलीकडच्या टोकाला मिस्त्रींची. कोकणातले पाच-सहा जण माझ्याकडे जेवायला असत. मिस्त्रीही असत. मी मासेच करायची, मटण करत नसे, त्यामुळे त्यांचीही अडचण नव्हती.

मला परक्या माणसांपुढे बोलता येत नसे. अजूनही फारसं येत नाही. मी ताटं वाढून स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराआड उभी राहायची. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी ताट पुढे घेतलं आणि हात न लावता बसून राहिले.

"बाय," ते दाराकडे न बघता म्हणाले, "आज वास कसला?"

सगळे जेवायला लागले, ते नाही. देवरूखकडचा एक शिंपी होता जेवायला, भारी तोंडाळ. तो म्हणाला, "वहिनी, सांगून टाका. नाहीतर मिस्त्री उपाशी मरतील आणि या उन्हात आम्हाला खांदा द्यावा लागेल."

"कोकमाचा," मी म्हटलं. ते दारालाच ऐकू आलं असेल.

"नुसता कोकमाचा? लसूण नाय?"

"आहे."

"करपलीय?"

"थोडी."

"हां," म्हणाले, आणि जेवायला लागले.

मग ते रोजचंच झालं. ते विचारायचे, मी दाराआडून सांगायची. ओल्या नारळाचा, धण्याचा, बांगड्याचा, तव्यावर जास्त राहिलेल्या भाकरीचा. एकदा मी विसरून नुसतं "नेहमीसारखा" म्हटलं तर म्हणाले, "नेहमीसारखा वास नसतो बाय. नीट हुंग आणि सांग. तू सांगशील तेवढाच माझा." बहरीनमध्ये मी कुणा परक्या पुरुषाशी रोज बोलले असेन तर ते एवढंच. शिंपी म्हणायचा, "वहिनी म्हणजे मिस्त्रींचं नाक. जपून राहा, सर्दी होऊ देऊ नका."

कूलरवर त्यांचा फार जीव होता. पत्र्याची मोठी पेटी, तीन बाजूंना गवतासारख्या लाकडी काथ्याच्या ताट्या, तळाशी पाण्याची टाकी. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो, आणि खोली गार होते. बस, इतकंच. मिस्त्री म्हणायचे, "एसीवाले एका खोलीत वीज जाळतात, तेवढ्यात माझी आख्खी आळी गार होईल. एसी तीच हवा परत परत घोटतो. कूलर नवी हवा देतो. पण नवी हवा आली तर जुनी बाहेर जायला पायजे. समोरची खिडकी उघडी ठेवा." लोक धुळीला भिऊन खिडकी लावून घेत, मग खोली दमट व्हायची आणि दोष कूलरला. जून-जुलैत वाळवंटाकडून कोरडा वारा येई तेव्हा कूलरपुढे अंगावर चादर घ्यावी लागे. ऑगस्टमध्ये समुद्राकडची हवा आली की अंगावरचा घामच वाळत नसे, तिथे कूलर काय करणार? तेव्हा मिस्त्री टाक्या रिकाम्या करून नुसते पंखे चालू ठेवायला सांगायचे. कुणी ऐकत नसे. नळाचं पाणी मचूळ. ते ताट्यांवर वाळून पांढरा खार चढायचा, टाकीत शेवाळ धरायचं, पाणी सडायचं. तेच पाणी अंगावर घेऊन लोक झोपायचे आणि खोकायचे.

कामाला गेले की आधी ते कूलरच्या पत्र्याला कान लावत. चांगली पाच-पाच मिनिटं. डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. मग हळूच सांगायचे, "आत तिघं हायत. एक आजारी हाय." आणि ते खरं असायचं. आमचे हे म्हणायचे, पेटीतून आतला आवाज येतो, त्यात काय. तसंच असेल. पण बायका घाबरायच्या. जिदहफ्स गावात एका घरी त्यांनी कान लावला आणि "दोघं हायत" म्हणाले. घरात तर एकटी म्हातारी होती. तिने त्यांना पुन्हा घरात घेतलं नाही.

कान लावून झाला की ते कूलरची वायर प्लगातून काढत आणि तिचं टोक आपल्या डाव्या मनगटाला बांधत. काम संपेपर्यंत सोडत नसत. दुसऱ्या कुणी चुकून चालू करू नये म्हणून. मग सगळ्यांना घराबाहेर काढत. "श्वास घेणारं आत कोण नको." मुलं, म्हातारे, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा बाहेर. आणि शेवटी घरातल्या बाईला विचारत, टाकीत कुणी काय ओतलंय का, आणि पाण्याला वास कसला येतोय. "तोंडानं सांगा. मान हलवू नका."

एकदा आमचे हे त्यांना गाडीतून जिदहफ्सला सोडायला गेले होते. त्या घरातली तरुण बाई पडद्याआडून परक्या पुरुषाशी बोलेना. भर दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, भिंतींना हात लावला तर चटका बसेल असं ऊन. मिस्त्री मनगटाला वायर बांधून गच्चीवर बसून राहिले. दोन तास. हे म्हणाले, "अहो मिस्त्री, हुंगायला मी आहे ना!" तर म्हणाले, "तू इथे राहत नायस. वास तुला कळेल, ओतलंय काय ते कळणार नाय." शेवटी घरधनी नमाजहून आला, त्याने बायकोला विचारून सांगितलं, तेव्हा बाटलीचं बूच निघालं.

बाटली म्हणजे खार काढायचं तेजाब, ॲसिड. जाड काचेची, चिंध्यात गुंडाळलेली. ती ते कुणाच्या हातात देत नसत.

त्यांच्या खोलीत मी एकदाच गेले. ताप आला म्हणून ते जेवायला आले नव्हते, मी पेज घेऊन गेले. दार उघडंच होतं. आत पंखा नाही, कूलर नाही, काही नाही. सगळ्या गावाला गार करणारा माणूस त्या भट्टीत झोपायचा. आणि चारही भिंतींना जुन्या ताट्या टांगलेल्या. दहा-बारा तरी असतील. वाळलेल्या, खार चढून पांढऱ्या झालेल्या, म्हाताऱ्या माणसांच्या दाढीसारख्या. खोलीत वारा नव्हता, पण त्यांचा बारीक कुरकुर आवाज येत होता, जसं कुणी कुशीवर वळावं तसा. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "ठेव बाय तिथे. भिऊ नको. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरची ताटी मी घेऊन येतो. लोक फेकून देतात. त्यात त्यांचा श्वास असतो." मी पेज ठेवली आणि पळाले. कुणालाच बोलले नाही.

त्यांच्या नाकाची गोष्ट मला शिंप्याने सांगितली, म्हणजे जेवताना सगळ्यांना सांगितली. मिस्त्री त्या दिवशी नव्हते. रिफ्यात एका बंगल्यात मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला म्हातारा होता. मिस्त्री कूलर साफ करायला गेले. टाकीत आधी कुणीतरी काहीतरी ओतलं होतं, नोकराने की सुनेने, देव जाणे. मिस्त्रींनी न विचारता वर आपलं तेजाब ओतलं. त्यातून काहीतरी विषारी झालं आणि ते खिडकीवाटे आत गेलं. म्हातारा ओरडूही शकला नाही. मिस्त्री आत धावले, पण उशीर झाला होता. त्यांच्या नाकातलं सगळं जळून गेलं. "तेव्हापासून हे असं," शिंपी म्हणाला. "एकदा मला म्हणाले, टाकीत गुपचूप ओतणारा माणूस खुनी. मी म्हटलं, मिस्त्री, मी तर कूलरमध्ये थुंकत पण नाही."

सगळे हसले. मी दाराआड उभी होते. खुनी हा शब्द मी तेव्हा ऐकला.

माझी मुलगी झाली ती तिथेच. ती पाच-सहा महिन्यांची असताना आमच्या यांनी एक दिवस गाडीवर बांधून कूलर आणला. बंगल्याच्या शेजाऱ्यांनी एसी बसवले, जुना कूलर बाहेर टाकला होता, तो यांनी मागून घेतला. फार खूश होते. चौघांनी मिळून तो आमच्या खिडकीत बसवला, तोंड खोलीत आणि पेटी गच्चीवर. मिस्त्री कामावरून आले, जिन्यातून वर चढले आणि तिथेच थांबले.

"हा कुठनं आणलास?"

"रिफ्यातून. फुकट मिळाला! जरा साफ करून द्या, मिस्त्री."

ते जवळ आले नाहीत. एवढंच म्हणाले, "ह्याला मी हात लावणार नाय. तूही नको लावू. परत देऊन ये."

"का हो?"

"मी ह्याला ओळखतो."

त्या रात्री जेवताना शिंप्याने सुद्धा थट्टा केली नाही. पण उन्हाळा भर जोरात होता, पोर घामोळ्यांनी रडत होती, आणि यांनी कूलर चालू केला. खोली गार झाली. मीसुद्धा बरं वाटून घेतलं, खोटं का सांगू.

दुपारी कधी वीज जायची. पंखा थांबताना त्या पेटीतून एक आवाज निघायचा. लांबच लांब, हळूहळू संपणारा. म्हाताऱ्या माणसाने टेकताना सोडावा तसा सुस्कारा. हे म्हणायचे, ताट्यांतलं पाणी खाली येतं त्याचा आवाज. असेल. पण मुलगी रडत असली तर त्या आवाजाने गप्प व्हायची आणि कूलरच्या जाळीकडे टक लावून बघत राहायची, जसं कुणी ओळखीचं बोलवत असावं. मी तिचा पाळणा दुसरीकडे सरकवला की मान वळवून पुन्हा तिकडेच. दुपारभर घरात आम्ही दोघीच असायचो. आणि मला वाटायचं, तिघं आहोत.

ऑगस्ट आला. हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसायला लागली. मुलीला खोकला धरला. खोलीला वास येऊ लागला, सडक्या पाण्याचा, मेलेल्या कालवांचा. खालची मालकीण जिन्यात उभी राहून नाकाला ओढणी लावून दाखवायची. जेवणारे बोलत नसत, पण शिंपी एकदा म्हणाला, "वहिनी, मासे आज खोलीत ठेवलेत का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या आईने घर आरशासारखं ठेवलं होतं, आणि माझ्या घराला लोक नाक मुरडत होते. मिस्त्री तर हात लावणार नव्हते. यांनी मला बजावलं होतं की मिस्त्रींनी सांगितलंय, टाकीला तू हात लावायचा नाही.

एका सकाळी हे कामावर गेल्यावर मी कपडे पांढरे करायचं ब्लीच घेतलं आणि टाकीत ओतलं. अर्धी बाटली. वर दोन तांबे पाणी घातलं. वासावर वास बसला. मला वाटलं, साफच तर करायचंय.

आणि त्याच दिवशी दुपारी हे लवकर घरी आले, मिस्त्रींना घेऊन. यांनी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते म्हणे. पोरगी रात्र रात्र खोकते म्हणून. मिस्त्रींनी खांद्यावरून पिशवी खाली ठेवली. त्यात चिंध्यात गुंडाळलेली बाटली होती.

हे घाईत होते, मालकाला विमानतळावर न्यायचं होतं. जिन्यात मला हळूच म्हणाले, "मिस्त्रींना काय हवं नको ते बघ. टाकीला तू हात लावला नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं.

ते गेले.

मिस्त्री गच्चीवर कूलरपाशी गेले. कान लावला. खूप वेळ लावला. मी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारातून बघत होते. मग त्यांनी पेटीवर हात ठेवला, जसा एखाद्याच्या खांद्यावर ठेवतात, आणि काहीतरी पुटपुटले. वायर काढली, मनगटाला बांधली.

"बाय, पोरीला बाहेर आण."

"आत्ताच झोपलीय," मी म्हटलं. खरंच आत्ताच झोपली होती, रात्रीनंतर पहिल्यांदा.

त्यांनी खोलीच्या दाराकडे बघितलं. मग विचारलं, "टाकीत काय ओतलंयस?"

मी मान हलवली.

"मान नको. बोल."

"काही नाही."

"पाण्याला वास कसला?"

मी त्यांना रोज वास सांगत होते. कोकमाचा, धण्याचा, करपल्याचा. कधी एकही खोटा सांगितला नव्हता. म्हणूनच त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नसेल.

"नुसत्या शेवाळाचा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी ते कधी बघत नसत. मग म्हणाले, "बरं. झोपू दे तिला. धुवायला एक बादली गोडं पाणी आण."

मी बादली भरत होते. पिण्याचं पाणी कॅनमध्ये असायचं, त्याची धार बारीक. तेवढ्यात तो वास आला. असा वास मी कधी घेतला नव्हता. नाकात सुई घातल्यासारखा. मी दारात आले. मिस्त्री टाकीवर ओणवे होते, तोंड अगदी जवळ, आणि त्यांच्या भोवती हिरवट पिवळसर काहीतरी होतं. धूर म्हणावा तर वर जात नव्हता. पेटीच्या कडेवरून खाली ओघळत होता आणि खिडकीतून आत जात होता. त्यांना कळत नव्हतं. त्यांना वास येतच नव्हता. ते शांतपणे खार खरवडत होते.

मी ओरडायला तोंड उघडलं. तोंड उघडं राहिलं. आवाज आला नाही. मी किती वेळ तशी उभी होते, सांगता येत नाही. पांढरं ऊन, गच्चीवर चिटपाखरू नाही, आणि तो माणूस त्या हिरव्या वाफेत मान घालून काम करतोय. हे चित्र कुणीतरी थांबवून ठेवल्यासारखं.

मग त्यांचे डोळे चुरचुरले असावेत. ते ताठ झाले. त्यांनी टाकीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. वायर मनगटालाच होती, ती झटक्यात ओढून काढली आणि ते आमच्या खोलीत शिरले. मला वाटतं, ते आत श्वास न घेता गेले, पण पोर उचलताना ती खोकली आणि त्यांनाही खोकला आला. मुलगी माझ्या हातात दिली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती जिवाच्या आकांताने रडत होती. त्यांनी ते रडणं नीट ऐकलं. मग गच्चीवर खाली बसले, मग आडवे झाले. मालकीण आरडाओरडा करत वर आली.

मुलगी दोन दिवसांत बरी झाली. मिस्त्री महिना-दीड महिना इस्पितळात होते. त्यांचा आवाज बसला तो घोगराच राहिला आणि चार पावलं टाकली की दम लागायचा.

त्यांच्या कंपनीचे साहेब इस्पितळात गेले. आमचे हेही गेले होते. संध्याकाळी येऊन म्हणाले, "कमाल आहे. मिस्त्री म्हणतो, मी विचारलंच नाही. घाईत होतो म्हणे, डोळ्यांपुढे पोरगी होती. जन्मभर सगळ्यांना विचारणारा माणूस, आणि आपल्याच घरी विसरला!"

मी मुलीला दूध पाजत होते.

"तुला विचारलं नाही ना त्याने?"

मी तिला दुसऱ्या अंगाला घेतलं. हे म्हणाले, "तू तरी काय सांगणार होतीस म्हणा. टाकीत नळाच्याच पाण्यात काहीतरी असणार." आणि हातपाय धुवायला गेले.

जेवताना शिंपी म्हणाला, "रिफ्यात एक खाल्ला, इथे दुसरा घास घेत होता. माणूस चांगला, पण आता त्याच्या हातात बाटली देऊ नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भात वाढला. भांडं हातात असलं की बोलावं लागत नाही.

कंपनीने त्यांना घरी पाठवायचं ठरवलं. खलास, साहेब म्हणाले, एवढंच. सामान न्यायला दोघांनी त्यांना धरून गच्चीवर आणलं. खोलीतल्या ताट्या यांनी आधीच फेकून दिल्या होत्या, मालकिणीला त्यांची भीती वाटायची. मिस्त्रींनी रिकाम्या भिंतींकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. निघताना हे म्हणाले, राग नव्हता, वाईट वाटून म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही विचारायला हवं होतं हो."

"चुकलो," ते म्हणाले.

मी दाराआड होते. तीन पावलांवर. तेव्हा बोलता आलं असतं. यल्ला, यल्ला, चला लवकर म्हणून खालून गाडीवाला ओरडत होता. ते गेले.

पाच वर्षांनी आम्ही सुटीवर गावी आलो तेव्हा मी यांना म्हटलं, मला मिस्त्रींना भेटायचंय. यांना बरं वाटलं. मुलगी शाळेत जायला लागली होती. एसटीने राजापूर, तिथून खाडी ओलांडून होडीने त्यांचं गाव. चिऱ्याचं लहानसं घर, पडवीत दोरीची खाट, त्यावर ते बसलेले. फार वाळले होते. बायको, दोन सुना, एक जावई, शेजारपाजारचे दोघे. बहरीनहून कोणी आलं म्हणून सगळे जमले. चहा आला.

मी आतापर्यंत जे कधी केलं नव्हतं ते केलं. उभी राहिले. सगळ्या माणसांच्या देखत, यांच्या देखत, मोठ्याने म्हटलं, "मिस्त्रींनी मला विचारलं होतं. टाकीत ब्लीच मी ओतलं होतं. त्यांनी विचारलं आणि मी खोटं बोलले."

हे माझ्याकडे बघत राहिले. कप कुणीतरी खाली ठेवला. मला वाटलं, आता ते काहीही म्हणोत. शिव्या देवोत, रडोत.

मिस्त्री माझ्याकडे बघत होते, जरा गोंधळून, जसं लहान मुलाच्या बोलण्याचा अर्थ लावतात तसं. मग त्या घोगऱ्या आवाजात, समजुतीने म्हणाले, "नाय गो बाय. तू चुकतेस. मी विचारलंच नव्हतं."

"विचारलंत. पाण्याला वास कसला म्हणून विचारलंत."

"नाय. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तू कधी खोटा वास सांगितला नायस."

त्यांची बायको माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला. हलक्या आवाजात म्हणाली, "राहू दे बाय. पहिल्या वर्षी ते मला एकटीला सांगायचे, विचारलं होतं म्हणून. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला, मी विचारलंच नाय, असं सांगत सांगत आता त्यांना तसंच आठवतं. रात्री उठून बसतात, म्हणतात, मी का नाय विचारलं? आता तू नको मोडूस. मोडून पुन्हा काय बांधणार?"

मी बसले. जेवून जा म्हणाले, आम्ही जेवलो. परतताना होडीत यांनी तो विषय काढला नाही, आणि पुढेही कधी काढला नाही.

मिस्त्री पुढल्याच पावसाळ्यात गेले. त्यांची बायकोही आता नाही. हेही नाहीत. त्या दुपारी गच्चीवर आम्ही दोघंच होतो, त्यातली मी एकटी उरले. आणि अलीकडे एक वेगळंच व्हायला लागलंय. दुपारी डोळा लागतो आणि मला ती गच्ची दिसते, ते पांढरं ऊन, मिस्त्री कूलरवर हात ठेवून उभे. ते मनगटाला वायर बांधतात, बूच काढतात, आणि मला काही विचारतच नाहीत. मी वाट बघत राहते. ते वळतच नाहीत. जागी झाले की जरा वेळ मला खरं कुठलं ते कळत नाही, आणि बरं वाटतं. त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटते.

म्हणून मुलीच्या जुन्या वहीत हे लिहून ठेवलं. त्यांनी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं.